रेवाच्या दातांची राखण

संध्याकाळी गिऱ्हाईक जरा ओसरलं, की श्रीरंग शेटेच्या मिठाईच्या दुकानात एक खेळ हमखास चाले. गल्ल्याशेजारी खोट्या नोटा ओळखायचा जांभळ्या उजेडाचा जुना दिवा होता. नोटा आता साताऱ्यात फारशा कुणी देत नसे, पण दिवा शाबूत होता आणि त्याला नवं काम मिळालं होतं. त्याच्यासमोर वाकून ओठ फाकवायचे. दात हिरवे चमकले, तर त्या माणसाच्या तोंडात 'राखण' आहे. नाही चमकले, तर तो अजून जुन्या जमान्यातला, दाढ दुखली की लवंग धरून बसणारा.

राखण म्हणजे जंतूच. आपल्या तोंडातले काही जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दात किडतो. शास्त्रज्ञांनी त्याच जंतूंचा एक सुधारलेला भाऊबंद तयार केला होता. तो आम्ल सोडत नसे आणि किडक्या जातीला दातांवर थारा देत नसे. दातांच्या डॉक्टरनं हे राखणदार एकदा दातांवर चोळले, की कीड कायमची बंद. ते नीट बसलेत की नाही हे चटकन दिसावं, म्हणून त्यांना हिरवं चमकायला शिकवलं होतं. अट एकच. महिन्यातून एकदा खुराकाची एक चकती जिभेवर विरघळवायची. हा खुराक निसर्गात कुठंच सापडत नाही, तो थांबवला की राखणदार मरतात, आणि जो माणूस तो घेतच नाही त्याच्या तोंडात ते जगूच शकत नाहीत, असं कंपनी ठासून सांगत होती. म्हणजे एकाचे जंतू दुसऱ्याला लागायची भीतीच नाही. लोकांना ते पटलं होतं. ज्याची दाढ रात्रभर ठणकलेली आहे, त्याला पुष्कळ काही पटतं.

तुषार माळवदेनं राखण घेतली होती. तो रिक्षांच्या बॅटऱ्या बदलून देण्याचं केंद्र चालवत असे आणि एका रूट कॅनॉलनंतर त्यानं कानाला खडा लावला होता. इर्शाद बागवान कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे. त्यानं राखण घेतली नव्हती आणि घेणारही नव्हता. श्रीरंगचं कारण साधं होतं, त्याला भीती वाटत होती. तिघंही एकाच शाळेचे, त्यामुळे कुणी कुणाची भीड ठेवायचा प्रश्न नव्हता.

"दातांच्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे," श्रीरंग पेढ्यांचं ताट पुसत म्हणाला, "आपल्याच पैशानं मार खाऊन यायचं. वर तोंड उघडं ठेवायला लावतात, म्हणजे बोंबलायचीही सोय नाही."

"बोंबलायचं बिल बघितल्यावर," तुषार म्हणाला. "मला विचारलं, दाढेवर टोपी कसली घालू? म्हटलं, मला घातलीत तेवढी बास झाली, दाढेला कशाला?"

"आणि तोंडात नळी घालून गप्पा मारतात बघ," इर्शाद म्हणाला. "आपण नुसतं आँ आँ करायचं. माझ्या एका आँवर त्यांनी दात पांढरे करायची परवानगी धरली आणि बिलात लावली."

"मग घे की राखण."

"बसवायला जवळजवळ फुकट आणि सांभाळायला जन्मभर पैसे, अशी वस्तू मी घरात घेत नाही. तोंडात कशाला घेऊ?"

श्रीरंगनं हसत हसत तुषारच्या हातातला अर्धा समोसा उचलला आणि चव बघतो म्हणून एक घास तोडून परत दिला. ही त्याची शाळेपासूनची खोड. दुसऱ्याच्या ताटातलं त्याला नेहमी जास्त चांगलं लागायचं. मग, आपले दात कसे काळेकुट्ट दिसतात ते दाखवायला, तो बऱ्याच महिन्यांनी स्वतः दिव्यासमोर वाकला.

दात हिरवे चमकले.

तुषारनं टाळी वाजवली. "आयला, चोरून जाऊन आलास होय! आणि आमच्यापुढं भित्रा म्हणून मिरवतोस?"

"आईची शप्पथ, नाही रे." श्रीरंगनं मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःचे दात पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "मी त्या दवाखान्याच्या जिन्यावर पाय ठेवलेला नाही. तुला माहितेय मी कसा आहे ते."

तुषारला माहीत होतं. जिन्याच्या पायरीवरूनच परत फिरणारा माणूस होता तो. इर्शाद मात्र हसला नाही. त्यानं आधी समोशाकडं आणि मग तुषारकडं पाहिलं.

"श्रीरंग, दातांना हल्ली काही होतंय?"

"थंड पाणी लागलं की झिणझिण्या येतात. पूर्वी नव्हत्या. का?"

"तुषारच्या उष्ट्यातून ते आलेत. तू खुराक घेत नाहीस, तरी ते तुझ्या तोंडात जगलेत. म्हणजे त्यांनी खायला दुसरं काहीतरी शोधलंय. जुनंच असणार, साखर. आणि साखर खाल्ली की आम्ल सोडायचं, ही त्यांच्या घराण्याची मूळची खोड. ती मोडली म्हणून आपल्याला सांगितलं होतं. खुराक मिळतोय तोवर मोडलेली असेलही. उपाशी पडल्यावर काय?"

"माझे दात तर चांगलेत," तुषार म्हणाला.

"तू चकती घेतोस. तुझे राखणदार पोटभर जेवलेले आहेत."

श्रीरंगनं काहीतरी विनोद केला, पण तुषारनं तो ऐकलाच नाही. त्याला मे महिन्यातली दुपार आठवली. मृणाल, त्याची धाकटी बहीण, तिच्या मुलीची, रेवाची, उष्टावण. मामा म्हणून पहिली खीर त्यानंच चाटवायची होती, सोन्याच्या अंगठीनं. खीर गरम होती. रेवाला चटका बसेल म्हणून त्यानं अंगठी आधी स्वतःच्या ओठांना लावून पाहिली, जिभेनं जरा चाटली आणि तीच पुन्हा खिरीत बुडवून तिच्या जिभेवर टेकवली. रेवानं तोंड वाकडं केलं, सगळे हसले, कुणीतरी फोटो काढला. त्यात काही चुकलं असेल असं तिथं एकाही माणसाच्या मनात आलं नव्हतं.

"दिवा काढून दे," तो श्रीरंगला म्हणाला. "उद्या आणून देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शाहूपुरीत मृणालकडं गेला. ती चहा टाकायला आत गेली तशी त्यानं खिडकीचा पडदा ओढला, दिवा लावला आणि रेवाला मांडीवर घेतलं. बोटानं तिचा खालचा ओठ हळूच ओढला. रेवाला हा नवा खेळ वाटला, ती हसली. खालच्या हिरडीवर, जिथं पहिला दात वर यायच्या बेतात होता, तिथं नखाएवढी हिरवी रेघ होती. फिकट, पण होती.

"दादा, काय करतोयस?"

मृणाल दारात उभी होती. खोटं बोलावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्यानं सगळं सांगून टाकलं, समोशापासून अंगठीपर्यंत. मृणालनं रेवाला त्याच्याकडून काढून घेतलं आणि ती पदराच्या टोकानं तिची हिरडी पुसायला लागली. पुसून ते जाणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

"तू सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या कुणाला भरवायला लावलं असतं," ती म्हणाली. "माहीत असून भरवलंस?"

"माहीत नव्हतं गं. लागतच नाही म्हणाले होते."

"कोण म्हणालं होतं?"

त्यानं कंपनीचं नाव घेतलं. मृणालनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याला तिथून उठून जावंसं वाटलं. पण तो गेला नाही.

डॉक्टर कडोलेबाईंच्या दवाखान्यात ते चौघं रेवाला घेऊन गेले. श्रीरंग आयुष्यात पहिल्यांदा तो जिना चढला आणि खुर्चीत आडवा झाला. बाईंनी त्याचे दात तपासले. जवळजवळ प्रत्येक दातावर खडूसारखे पांढरे डाग होते. तिथं दाताचं वरचं कवच विरघळायला लागलं होतं. मग त्यांनी रेवाची हिरडी पाहिली, दिवा विझवला आणि परत लावून पुन्हा पाहिली. हे कसं झालं ते त्यांना खरोखरच समजत नव्हतं, एवढं तुषारला त्यांच्या तोंडावरून दिसलं. त्या कंपनीशी बोलायला आतल्या खोलीत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. इर्शादला ती शांतता आवडली नाही. गेल्या तेव्हा बाई घाबरलेल्या होत्या, आल्या तेव्हा कुणीतरी पाठ करून दिल्यासारखं बोलत होत्या.

"काळजीचं कारण नाही. असा संसर्ग फार क्वचित होतो, म्हणाले. शेट्यांनी आजपासून चकती सुरू करायची. डाग आहेत तिथंच थांबतील."

"आणि बंद केली तर?" इर्शादनं विचारलं.

"बंद करू नये असा सल्ला आहे."

"पण बंद केली की हे मरतात, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होता."

"मला जे सांगितलं होतं तेच मी सांगत होते," कडोलेबाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, पण कुणावर ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

"हिचं काय?" मृणालनं विचारलं.

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "मोठ्या माणसाच्या तोंडात आधीपासून शेकडो जातींचे जंतू असतात. तिथून राखणदारांना कधीतरी हुसकता येईलही. हिच्या तोंडात मात्र बाकीचे नीट बसायच्या आधी हे पोचलेत. सगळी जागा यांचीच. ते उठतील असं मला वाटत नाही. दात वर आला, की हे त्यावर चढणार. त्या वेळी उपाशी असले, तर..." त्यांनी श्रीरंगकडं पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

"म्हणजे जन्मभर चकती?"

"चकती लहानांना चालत नाही. थेंब आहेत."

त्यांनी फ्रीजमधून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. तुषारच्या जिवात जीव आला. उपाय आहे, तयार आहे, हातात आहे. त्यानं बाटली उचलून मृणालला दिली. बाटलीवर हसणाऱ्या बाळाचं चित्र होतं. सहा महिन्यांपुढील बाळांसाठी, आंब्याच्या चवीत, रोज तीन थेंब. मृणालनं ते सावकाश वाचलं. मग परत वाचलं.

"मॅडम, राखण किती वयापासून बसवता?"

"अठरा पूर्ण लागतात."

"लहान मुलांना देतच नाही?"

"कायद्यानं बंदी आहे. कंपनीसुद्धा देत नाही."

"आणि आपोआप कुणाला लागत नाही."

"लागत नाही, असंच सांगितलं होतं."

"मग हे थेंब कुणासाठी बनवले?"

रेवा बाटलीवरच्या बाळाकडं हात करत होती. कडोलेबाईंनी बाटली मागितली, उलटी करून पाहिली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"चकत्यांच्या मालाबरोबर ही पेटी आली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मागच्या दिवाळीच्या आधी. मी विचारलं, तर म्हणाले, असू द्या, लागतील. मला वाटलं, चुकून आलीय."

"दिवाळीच्या आधी रेवा माझ्या पोटात होती," मृणाल म्हणाली.

तुषारला पहिल्यांदा संताप आला. इतका वेळ तो स्वतःवरच चिडत होता. आपली जीभ, आपला हलगर्जीपणा, असं घोकत होता. आता त्याच्या लक्षात आलं, की तो खीर भरवणार हे कुणीतरी त्याच्या आधीच गृहीत धरलं होतं. तो नाही तर दुसरा मामा, दुसरी आजी, भात मऊ झालाय का ते चाखून बघणारी एखादी आई. या गावात, या देशात, बाळाला घास कसा भरवतात हे कंपनीला ठाऊक नसेल? ठाऊक होतं म्हणूनच बाटली आली होती.

"असेलच असं नाही," श्रीरंग चाचरत म्हणाला. "सावधगिरी म्हणूनही बनवले असतील. कोणी सांगावं?"

"सावधगिरी होती तर आपल्याला का नाही सांगितलं?" इर्शाद म्हणाला. त्यानं थेंबांचे आणि रेवाच्या लाळेचे नमुने पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं. कडोलेबाईंनी पत्रावर सही करायचं कबूल केलं. मात्र उत्तर यायला कित्येक महिने लागतील, हेही त्याच म्हणाल्या.

"आणि दात?" मृणालनं विचारलं.

बाईंनी रेवाच्या हिरडीवरून बोट फिरवलं. "आज-उद्या कधीही."

बाहेरच्या बाकावर मृणाल रेवाला आणि थेंबांची बाटली घेऊन बसली. तुषार तिच्याशेजारी बसला. ती त्याच्यापासून सरकली नाही, याचंच त्याला बरं वाटलं. थेंब दिले, तर रेवाच्या तोंडातलं हे बिऱ्हाड पोसायचं, आज तिच्या आईनं आणि पुढं जन्मभर तिनं, कंपनी मागेल त्या किमतीला. नाही दिले, तर वर येणारा कोवळा दात त्यांच्या तोंडी. आणि हेही त्याच लोकांनी सांगितलेलं, ज्यांचं आधीचं सांगणं खोटं निघालं होतं. बाळाच्या तोंडात हे जंतू खरंच तसेच वागतील का, हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पाहायचं, तर रेवाच्याच दातावर पाहावं लागणार होतं.

मृणालनं झाकण फिरवलं. आंब्याचा वास आला, अगदी खरा, हापूसचा. रेवानं मान वर केली, नाक फेंदारलं आणि खायला मिळणार म्हणून आनंदानं तोंड उघडलं.

मृणालचा हात तिथंच थांबला. ती बाटलीकडं पाहत नव्हती, भावाकडं पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"दादा, घालू का रे?"