पाच तुकड्यांतली कादंबरी

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजचा जिना इतका अरुंद होता, की वरून उतरणाऱ्याने आणि खालून चढणाऱ्याने आधी हाक मारायची अशी रीतच पडली होती. त्या सकाळी मी हाक मारली नाही, कारण मी वाचत वाचत उतरत होते. तोही मारू शकला नाही... त्याच्या छातीशी तारेचं भलंमोठं रीळ होतं आणि दातांत कसली तरी पावती धरलेली होती.

रीळ माझ्या कोपराला लागलं, पुस्तक हातातून सुटलं आणि बारा पायऱ्या खाली जाऊन आपटलं. सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी ती. बांधणी आधीच खिळखिळी झालेली. खाली जाऊन पाहिलं तर सरळ पाच तुकडे.

मला रडू फुटायचंच बाकी होतं. पुस्तक माझं नव्हतं. आम्ही अकराजणी बोर्डवर बसून गावाचे फोन जोडायचो, आणि माझी मैत्रीण चष्मेवाली हिने आणलेलं ते पुस्तक आमच्यात हातोहात फिरत होतं. नदीकाठच्या एका नगराला वेढा पडलाय, आत एक तरुण राणी आणि तिचा अबोल सेनापती, बाहेर चौदा महिने तळ ठोकून बसलेला शत्रू — अशी गोष्ट. एकेकीला पाच-सहा दिवसच मिळायचे, म्हणून शेवटपर्यंत अजून कुणीच पोचली नव्हती. माझी पाळी सगळ्यांत शेवटी, दोन महिन्यांनी आली होती, आणि कालच कुठे मी वाचायला घेतलं होतं.

"आंधून देतो," तो म्हणाला. म्हणजे 'बांधून देतो', पण पावती अजून दातांतच होती. मला हसू आलं. रडू यायचं त्या जागी हसू आलं, तिथेच माझी चूक झाली असणार.

दुसऱ्या दिवशी तो खरोखर डिंकाची बाटली घेऊन वर आला. पण आमच्या सुपरवायझर, म्हणजे मोठ्या बाई, यांनी ते पाच तुकडे टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते आणि निळ्या पेन्सिलीने त्यांवर एक ते पाच आकडे घातले होते. बांधायचं काही नाही, त्या म्हणाल्या. आता एका वेळी पाचजणी वाचतील. तो डिंकाची बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, यादीत माझंही नाव घाला... मी काय तोडलं ते मला कळायला नको का?

मोठ्या बाईंनी त्याचं नाव सगळ्यात शेवटी घातलं. माझ्या खाली.

तो मुख्य कचेरीकडून आलेला मेकॅनिक. मागच्या मोठ्या खोलीत लाकडी खोकी उघडून काही तरी नवी यंत्रं बसवत होता. सुधारणा चालू आहे, एवढंच आम्हाला सांगितलेलं. खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून त्याचं नाव पडलं पानावाला. पुस्तकाच्या यादीत नाव आल्यावर चष्मेवाली म्हणाली, आता हे नाव दोन्ही अर्थांनी चालेल.

माझी पाळी संपायची सव्वाचारला. वाचून झालेला तुकडा घेऊन मी मागच्या खोलीच्या दाराशी जायचे. आत राखाडी लोखंडी कपाटं छतापर्यंत, त्यांत रंगीत तारांच्या जुड्या, वितळलेल्या कथलाचा वास. मला पाहिलं की तो आधी कोपरापर्यंत हात धुवायचा, पुसायचा, मग तुकडा घ्यायचा. पावसाची चिन्हं असली तर स्वतःचा रेनकोट पुस्तकाभोवती गुंडाळायचा, आणि स्वतः भिजत जायचा. हे मी खिडकीतून पाहिलंय. मुद्दाम नव्हे... खिडकी तिथेच होती.

तो वाचायचा सावकाश. दुसऱ्या तुकड्यानंतर म्हणाला, सेनापती आवडला, फार बोलत नाही. मी म्हटलं, न बोलणं हा काही गुण नव्हे, तसं तर आमचं कपाटही बोलत नाही.

"म्हणजे तुम्ही राणीच्या बाजूच्या."

"आम्ही अकराहीजणी राणीच्या बाजूच्या."

"आणि सेनापतीच्या बाजूला मी एकटाच?"

"एकटेच. त्यातून तुमचा सेनापती दगा देणार आहे, असं आमचं मत आहे."

"मत आहे... की वाचलंय?"

मी वेणी मागे टाकली आणि जिना उतरले. उतरताना गाल का तापले होते, ते त्या वेळी मी स्वतःलाही सांगितलं नसतं.

तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी, एका पहाटे, सेनापती कुणालाच न सांगता एकटा शत्रूच्या छावणीत निघून जातो. राणीलाही सांगत नाही. चहाच्या खोलीत त्यावरून रणच माजलं. दहाजणींनी त्याला फितूर ठरवलं, मीही मान डोलावली. पानावाला कपात बघत ऐकत होता. सगळ्या बोलून दमल्यावर तो हळूच म्हणाला, की दगा द्यायला निघालेला माणूस आपली तलवार वेशीवर टांगून जाईल का?

तलवार? कुठली तलवार? मी तिसरा तुकडा ओढून घेतला. होतं खरं. एका लांबलचक वाक्याच्या मध्यात, चार शब्द. अकराजणींच्या नजरेतून निसटलेले.

त्या संध्याकाळी माझं जेवणात लक्ष नव्हतं. बाबा शिवणकाम करायचे; त्यांचं मशीन आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी असायचं. त्यांनी विचारलं, बोटाला काही लागलं का, नुसतीच बसलीयेस. मी नाही म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मशीन चालू केलं.

आणि मग ती पाकिटं आली. प्रत्येकीच्या नावाची. येत्या एक तारखेपासून गावाचे फोन आपोआप जोडले जाणार. मागच्या खोलीतली कपाटं आमचं काम करणार होती. तिघींना चौकशीच्या टेबलावर जागा, बाकीच्यांच्या बदल्या. मला आणि चष्मेवालीला मोठ्या शहरातला ट्रंक बोर्ड, म्हणजे परगावचे फोन जोडायचं काम, रेल्वेने नऊ तासांवर. मोठ्या बाईंच्या पाकिटात निवृत्तीचा कागद होता.

दहा जोडी डोळे मागच्या खोलीच्या दाराकडे वळले, आणि मग माझ्याकडे. माझ्या पिशवीत चौथा तुकडा होता. सव्वाचारला मी गेले, पण तो बाहेर काढला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याने पाना खाली ठेवला. "पहिल्या दिवसापासून."

"आणि आमच्यात बसून चहा प्यायलात. राणीवरून वाद घातलात."

"हो."

"एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं." तो कपाटांकडे बघत होता. "सांगायचं नाही अशी ताकीद होती वरून. पण ते खरं कारण नव्हे... सांगितलं असतं तर पुस्तक बंद झालं असतं."

"पुस्तकाचं पडलं होतं तुम्हाला?"

"पुस्तक तुम्ही आणून देत होता," तो म्हणाला.

ते वाक्य मी ऐकलं, पण राग त्याहून मोठा होता. चौथा तुकडा पिशवीतच घेऊन मी घरी आले.

पुढचे दहा दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. तो चहासुद्धा मागच्या खोलीतच घ्यायचा. मी त्या दाराकडे पाठ करून बसायचे, आणि दारामागची प्रत्येक टकटक मला ऐकू यायची. रागावलेल्या माणसाला इतकं ऐकू येऊ नये खरं तर.

कोंडी फोडली मोठ्या बाईंनी. पाचवा तुकडा वाचून संपवला, चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की सव्वीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडली, हे यंत्र आज ना उद्या येणारच होतं, आणि ते बसवायला कुणी तरी येणारच होतं. पुस्तक वाचणारा आला, हे त्यातल्या त्यात बरं. मग माझ्याकडे वळल्या. "त्याचा नंबर आहे ना? मग देऊन टाक. यादी म्हणजे यादी."

मी चौथा तुकडा घेऊन गेले. त्याने हात धुवायला इतका वेळ लावला, की मला कळलं, त्याला माझ्याकडे बघता येत नव्हतं.

बोर्ड बंद व्हायचा दिवस रविवार होता, सकाळी अकराची वेळ. पाळी पाचजणींची होती, आलो आम्ही सगळ्या. पानावाला मागच्या खोलीच्या दाराशी, जुन्या बोर्डची जोडणी सोडवायच्या जागी उभा राहिला, पण त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी शेवटचा फोन जोडून दिला, पलीकडचं बोलणं संपू दिलं, कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि मान हलवली. दिवे रांगेरांगेने विझत गेले. आणि भिंतीपलीकडून बारीक खटखट सुरू झाली, शंभर बायका एकदम विणायला बसल्यासारखी. चष्मेवालीने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडीचा वळ उठला.

तो बाहेर आला तेव्हा माझ्या हातात पाचवा तुकडा होता.

"राणीला कळतं का शेवटी, तो का गेला ते?"

"वाचा."

"वेळ लागेल मला."

"माहीत आहे."

"वाचून झाल्यावर बोलू कुणाशी?"

माझी गाडी दुसऱ्या दिवशीची होती. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हटलं, "ट्रंक बोर्डला कुणीही फोन करू शकतं..."

मोठ्या शहरात आमच्या बोर्डवर चाळीसजणी होत्या. आता तसे बोर्ड कुठे उरलेले नाहीत, पण अजूनही कधी कधी झोपेत माझे हात वर जातात, प्लग लावायला. राहायला वसतिगृहात खोली होती, चष्मेवाली आणि मी. तीन आठवडे काहीच आलं नाही. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारच्या सुट्टीत, विश्रांतीच्या खोलीतला फोन वाजला. तो कुठल्याशा नव्या गावी नवी कपाटं लावत होता. परगावच्या फोनला तीन मिनिटंच मिळायची. सहाशेव्या पानापर्यंत आलोय, म्हणाला. पुढच्या गुरुवारी सहाशे अकरा. त्यापुढच्या गुरुवारी सहाशे वीस.

फोन जोडून द्यायची बहुतेक वेळा चष्मेवाली. एके दिवशी ती म्हणाली, इतकं सावकाश कुणीही वाचत नाही, अगदी अक्षर अक्षर लावणारासुद्धा. मी म्हटलं, त्याला कामं असतात. ती नुसती हसली. मलाही ठाऊक होतंच... पण ठाऊक आहे असं म्हटलं, की तो भरभर वाचेल अशी भीती वाटायची.

मग एका गुरुवारी तो म्हणाला, "संपली."

बाहेर पाऊस होता. खोलीत ओल्या छत्र्या टांगल्या होत्या, कोपऱ्यात एक मुलगी डबा खात होती. मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"तो ओलीस राहायला गेला होता," तो म्हणाला. "नगराला पाणी मिळावं म्हणून. आणि राणीला ते कळलं बारा वर्षांनी, तो परत आला तेव्हा."

"हो."

"जाताना एक वाक्य सांगून गेला असता तर?"

"तुम्हीच म्हणायचात... अबोल माणूस बरा."

"चुकलो." तारेत घरघर झाली, मग त्याचा आवाज परत आला. "मी एकदा वेळेवर बोललो नाही. त्या पाकिटांच्या वेळी. अजून सलतंय ते. म्हणून आज... आज आधी बोलतो."

तीन मिनिटं होऊन गेली होती. चष्मेवालीने तसं सांगायला हवं होतं. ती गप्प होती, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"तू माझ्याशी लग्न करशील का?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. इतके महिने 'तुम्ही'त काढलेला माणूस. समोरच्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं, मी ते थेंब बघत राहिले.

"वेळ कधीच संपलीय," चष्मेवालीचा आवाज मध्येच आला. "मी ऐकत नाहीये. पण आता उत्तर दे गं बाई, सात कॉल खोळंबलेत."

"हो," मी म्हटलं. मग एकदम सुचलं ते बोलले, "पण बाबांना तुम्ही स्वतः भेटायचं. आणि मशीन चालू असताना काही विचारायचं नाही. ते धागा तोडतील तेव्हाच बोलायचं."

"रविवारी जातो."

"याच?"

"तिकीट काढून ठेवलंय... तू नाही म्हणाली असतीस, तर कुणाला तरी देऊन टाकणार होतो."

एवढं ऐकलं आणि लाइन बंद झाली. खोळंबलेल्या सात जणांचंही काही तरी असणारच.

मी जागेवर येऊन हेडफोन चढवला. दिवा लागलेलाच होता. पलीकडे कुणी म्हातारे गृहस्थ होते, त्यांना मुलीकडे फोन लावायचा होता. मी नेहमीसारखं विचारलं, कुठला नंबर.

"बाई, रडताय का तुम्ही?"

"नाही काका. सगळं छान आहे. नंबर सांगा."

"सावकाश होऊ द्या," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."

त्यांनी नंबर सांगितला. मी तो तीनदा विचारला, तिन्ही वेळा लिहून घेतला, आणि तरीही भलत्याच गावी जोडून दिला.