थंड जागेचा रंग

ज्योत्स्नाचा जनावरांचा दवाखाना बेळगावच्या कॅम्पात होता, चर्चच्या मागच्या गल्लीत. कुत्र्यांची इंजेक्शनं, गाईची अडकलेली वार, कधी एखाद्या सुभेदाराच्या बायकोचा पोपट, यातच तिचा दिवस जायचा. वडील मायाप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करून थकलेले. दवाखाना उघडला त्या दिवशी बाबासाहेबांची तसबीर त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीला लावली होती.

उचगावच्या शालूबाई त्या दवाखान्यात कधी आल्या नाहीत. त्या फोन करून घरी बोलवायच्या आणि चहा कागदी कपात द्यायच्या. मांडणीवर स्टीलचे कप पालथे घातलेले ज्योत्स्नाला दिसायचे. ती चहा प्यायची आणि कामाला लागायची.

नवरा वारल्यावर शालूबाईंनी शेत वाट्यानं दिलं आणि बंगळूरहून सयामी मांजरांची एक जोडी आणली. मादीचं नाव मोगरी. मागच्या पडवीला जाळी ठोकून खोली केली होती, खाली फरशी, कोपऱ्यात पिल्लांसाठी पेटी. मांजरांची वंशावळ काचेच्या चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी टांगलेली. त्यात मोगरीच्या पणजीचंही नाव होतं.

"अस्सल सयामी कसं वळखायचं सांगू?" पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या. "डोळं निळंच पायजेत. अंग दुधावानी. काळं फकस्त तोंड, कान, पाय आन् शेपूट. दुसरीकडं कुठं डाग दिसला की समजायचं, भेसळ हाय. आन् तीन पिढ्यांचा कागद पायजे. कागद न्हाय ते माझ्या दारात नको."

"आणि भेसळीची पिल्लं झाली तर?"

"मागं एकदा झालती. मोगरी कौलावरनं पळाली, गावठी बोक्याची तीन झाली. बादलीत बुडवली." आवाज जराही न बदलता त्या म्हणाल्या.

दारात त्यांची मुलगी ऋतिका दुधाची वाटी घेऊन उभी होती. तिशीची, बारीक, कायम डोकं दुखत असल्यासारखी. तिनं वाटी तिथंच खाली ठेवली आणि आत निघून गेली.

दिवाळीच्या आधी मोगरीला चार पिल्लं झाली. सगळी पांढरी शुभ्र. सयामी पिल्लू पांढरंच जन्मतं. आईच्या पोटात सगळीकडे सारखी ऊब असते म्हणून. बाहेर आल्यावर अंगाचा जो भाग गार राहतो तिथला केस काळपट होत जातो. म्हणून कान, नाक, पंजे, शेपूट. हे ज्योत्स्नाला कॉलेजपासून पाठ होतं.

डिसेंबरात शालूबाईंचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, लगेच या. एकाच्या पाठीवर डाग आलाय."

मानेच्या किंचित खाली डाग होता, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. कडा अस्पष्ट.

"भेसळ हाय का सांगा. असंल तर सुई देऊन संपवून टाका."

ज्योत्स्नानं चारही पिल्लांच्या आणि सयामी जोडीच्या गालाच्या आतला नमुना घेतला आणि तपासणीला पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चारही पिल्लं मोगरीची आणि जोडीतल्या सयामी बोक्याचीच होती. अस्सल. "तिथली कातडी गार राहत असेल," तिनं समजावलं. "पेटीत बल्ब लावा. ऊब मिळाली की डाग जाईल."

बल्ब लावला. डाग गेला नाही. गडद झाला. जानेवारीत ज्योत्स्ना पुन्हा गेली तेव्हा त्याच्या एका कडेला पाच टोकं फुटली होती, चार जवळजवळ आणि एक बाजूला. कोविडच्या दिवसांतला कपाळासमोर धरायचा तापमापक तिच्या पिशवीत होता. पिल्लाच्या पोटाशी तिनं तो धरला, मग कुशीला, मग डागावर. डागावर बारा अंशांनी कमी.

तिनं पुन्हा धरला. पुन्हा तेवढंच.

पिशवीतली पट्टी काढून तिनं डागाची लांबी मोजली. साडेसहा सेंटिमीटर. वहीत लिहिताना तिला ऋतिका मागं उभी असल्याचं जाणवलं. ऋतिका पिल्लाकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एखादी ओळखीची वस्तू परक्या घरात दिसावी तसं काहीतरी होतं.

ते पिल्लू शालूबाईंनी कुणालाच दिलं नाही. नंतर ते दिसलंही नाही. ज्योत्स्नानं विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गेलं."

एप्रिलात मोगरी पुन्हा व्याली. जूनमध्ये एका दुपारी ऋतिका एकटीच बसनं कॅम्पात आली. हातात झाकणाची टोपली. दवाखान्यात ती पहिल्यांदाच येत होती. भिंतीवरची तसबीर तिनं पाहिली, थोडी थांबली आणि मग खुर्चीवर बसली.

"आईनं सांगितलंय, याला सुई द्या."

पिल्लू दोन महिन्यांचं होतं, तरतरीत, निळ्या डोळ्यांचं. पाठीवर दोन्ही बाजूंनी एकेक हात उमटला होता. यात आता संशयाला जागा नव्हती. पाच बोटं, तळवा, मनगटाची सुरुवात. बारक्या पोरानं पिल्लाला दोन्ही हातांनी धरून उचलावं, तसं.

ज्योत्स्नानं पट्टी लावली. नऊ सेंटिमीटर.

"मोठा झालाय," ऋतिका म्हणाली.

ज्योत्स्नानं पट्टी खाली ठेवली. "कोण?"

 टोपलीच्या काठाशी चाळा करत ऋतिका सांगत गेली, तुटक तुटक, जमिनीकडं बघत. निपाणीच्या शाळेत शिकवायला होती तेव्हा भीमरत्नाशी ओळख झाली. तोही तिथंच शिक्षक. लग्न करायचं ठरलं होतं. आईला कळलं तेव्हा पाचवा महिना होता. आईनं तिला घरात आणून ठेवलं, फोन काढून घेतला, गावात सांगितलं पोरीला कावीळ झालीय.

"गेल्या श्रावणात झाला. घरीच. आईनंच केलं सगळं. म्हणाली, मेलेला हाय." तिनं वर बघितलं. "आक्का, मी रडणं ऐकलं. पडवीतनं येत होतं. लई पाऊस होता, पण ऐकलं. सकाळपातूर येत होतं."

"पडवीत? म्हणजे…"

"व्हय. फरशीवर. मांजराच्या खोलीत."

 ज्योत्स्ना काही बोलणार एवढ्यात टेबलावरचं पिल्लू गुरगुरू लागलं. आनंदानं, डोळे मिटून.

त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून ऊन टेबलावर पडलेलं. त्या उन्हात पिल्लाच्या पाठीवरचे केस दबले. आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या. बोटाबोटानं. मग हळूच मागं सरकले, शेपटीकडं, आणि पुन्हा मानेपाशी येऊन दबले.

ज्योत्स्नानं तापमापक धरला. 

एकोणतीस.

चोवीस.

एकोणीस.

"जरा हळू धर रं," ऋतिका पुटपुटली. "त्याला दुखंल."

दबलेले केस सैल झाले.

पिल्लाला सुई देण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्योत्स्ना म्हणाली, चल, मी येते सोबत, तक्रार करू. ऋतिकानं मान हलवली. "डोळ्यांनी मी काय बघितलं न्हाय. आईनं त्याला कुठं नेलं तेबी म्हाईत न्हाय. आधी मला तिथनं भाईर पडू द्या." उचगावला ती परत गेलीच नाही. त्याच संध्याकाळी ज्योत्स्नानं तिला निपाणीच्या बसमध्ये बसवलं. ज्योत्स्नाच्या फोनवरून ऋतिकानं कळवलं होतं, म्हणून भीमरत्न तिथल्या स्टँडवर वाट बघत होता. त्याआधी वर्षभर त्याला कुणी काही कळवलं नव्हतं.

पिल्लू ज्योत्स्नाकडं राहिलं. पाठीवरचे हात फिकट होत गेले आणि गणपतीपर्यंत पुसले गेले. दिवाळीनंतर तिनं निपाणीला फोन केला. ऋतिका घरीच दोन मुलांची शिकवणी घेत होती. तक्रारीचं विचारलं तर म्हणाली, "करणार. यांच्याबरोबर जाऊन करणार." मग विचारलं, "पिल्लाच्या अंगावर काय दिसतं का आता?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, पण आवाज पडलेला होता.

डिसेंबरात शालूबाईंचा फोन आला. नको वाटत असतानाही ज्योत्स्ना गेली. या बाईला एकदा तोंडावर विचारायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मोगरीची नवी पाच पिल्लं पेटीत होती. एकेकाला उचलून तिनं उजेडात धरलं. पाठ, पोट, मान. सगळीकडं अंग दुधासारखं, काळं फक्त जिथं असायला हवं तिथं. तापमापकावर आकडे सारखे. पाचही निखळ, सुंदर.

"बघितलंत?" शालूबाई म्हणाल्या. "एक डाग न्हाय." पण त्यात आनंद नव्हता. त्या खूप उतरल्या होत्या. चार वाजताच्या उन्हातही अंगावर शाल होती.

"ऋतिकाला झालेल्या बाळाचं तुम्ही काय केलंत, शालूबाई?"

शालूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. चिडल्या नाहीत. "ते जन्मलं तवाच मेलेलं होतं," त्या म्हणाल्या, पाठ केल्यासारखं. मग उजवा हात पुढं केला. "डॉक्टरीणबाई, जनावरांचं ऱ्हाऊ दे. माझं हे एवढं बघा. दसऱ्यापासनं बोट बधिर झालंय."

अंगठ्याशेजारचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत निळसर पांढरं पडलं होतं. बाकीचा हात चांगला. ज्योत्स्नानं तापमापक धरला, आकडा पाहिला आणि बंद करून पिशवीत टाकला.

"शहरात मोठ्या डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. 

"वात असंल," शालूबाई म्हणाल्या. "चला, फाटकापातूर येते."

त्या कधी फाटकापर्यंत यायच्या नाहीत. ज्योत्स्ना पुढं निघाली. अंगण अर्धं ओलांडल्यावर मागं पावलं ऐकू येईनात म्हणून तिनं वळून पाहिलं.

शालूबाई येत होत्या, पण फार हळू. एका अंगाला वाकून, उजवा हात गुडघ्याशी सोडलेला, त्याचं ते एक बोट खाली ताठ धरलेलं. पावलं बारकी टाकत होत्या. उंबऱ्याशी येऊन त्या थांबल्या. हात किंचित वर उचलला, जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मग स्वतः उंबरा ओलांडला.