बिडी द्यायची, काडी नाही

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. भुताखेतांच्या गोष्टींना आजवर हसतच आले. आता हसत नाही.

पौषातली अवस. तिन्हीसांज.

वणीजवळच्या राजूरच्या पुढे एक बंद पडलेली कोळसा खाण आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. वरची जमीन खचून तिथं तळं झालंय.

मी आणि माझा नवरा साकेत त्या तळ्यातला गाळ घ्यायला गेलो होतो. तळाच्या काळ्या गाळात, जिथं हवा नसते तिथं, मिथेन वायू बनवणारे जिवाणू राहतात. वरच्या थरात तो खाणारे. कोण किती आहेत हे शोधणं साकेतचं काम. बुडबुडा दिसला की हा माणूस जेवणसुद्धा विसरतो!

होडी डोमाजींची. ते तिथं मासे धरतात. मध्यावर पोचल्यावर त्यांनी खिशातून एक बिडी काढली... आणि न पेटवताच पाण्यात सोडली.

"हे काय, काका?"

"माहा बाप खालीच राह्यला, मॅडम. संगं बाकीचेही. खानीत गॅस पेटलता. तलफ लागत असन त्यायले."

"मग काडीसुद्धा द्या की," साकेत हसला.

"बिडी देतो. काडी नाही देत. पुन्हा जळतीन ना थे."

साकेतनं मान डोलावली. पण खोड जाते थोडीच! डोमाजी जाळं ओढण्यात गुंतले तसं त्यानं गाळात काठी खुपसली, बुडबुडे उलट्या नरसाळ्यात धरले आणि नरसाळ्याच्या तोंडाशी काडी ओढली. विद्यार्थ्यांना तो हे नेहमी दाखवतो.

निळी ज्योत उठली.

बुडबुडे थांबले...

पाखरंही गप्प.

मग होडीच्या तळाला खालून ठोका बसला. धाड...

पुन्हा. धाड! फळी फुटली.

"इझवा थे!" डोमाजी ओरडले.

पाण्यातून एक हात वर आला. काळा, भाजलेला, बोटांवर कातडी नाही. त्यानं साकेतचं मनगट धरून खेचलं. साकेतचं तोंड होडीच्या काठावर आपटलं. दात फुटले. पुन्हा आपटलं. रक्तानं माझे हात निसटत होते. डोमाजी वल्ह्यानं त्या हातावर घाव घालत होते, रडत रडत.

"सोड, बा! सोड त्याले!"

हाड मोडल्याचा आवाज आला... ते साकेतचं होतं. तो पाण्याखाली गेला. ज्योत विझली तशी पकड सुटली; मी केसांना धरून त्याला वर ओढलं आणि डोमाजींनी फुटकी होडी कशीबशी काठाला लावली.

वणीच्या डॉक्टरांनी मनगटावर पाच भाजलेले व्रण दाखवले. पाण्यात भाजलं कसं, ते त्यांना सांगता येईना. मला तरी कुठं येतंय!

काडी ओढण्याआधीच भरून घेतलेल्या गाळाच्या बाटल्या मी प्रयोगशाळेत रबरी बूच लावून ठेवल्या होत्या. त्यातली एक आम्ही वाफेत शिजवून मारतो, तुलनेसाठी. तिच्यात जिवंत काही नसतं, म्हणून गॅसही होत नाही. तिला आम्ही मेलेली बाटली म्हणतो.

बाकीच्या बाटल्या शांत होत्या.

मेलेल्या बाटलीचं बूच फुगलं होतं...

मी सुई टोचली. फस्सकन हवा आली. खोलीभर ओल्या बिडीचा वास.

मागे साकेत उभा होता, हात प्लास्टरमध्ये. वकिलाचा मुलगा, बोलणं एकदम पुस्तकी. त्यावरून मी त्याला कायम चिडवायची.

तो बाटलीकडे बघत म्हणाला, "मले काडी दे ना."

त्या दिवशी मी घरातल्या काडेपेट्या, लायटर सगळं फेकलं. शेगडी विजेची आणली. मला माझा नवरा परत हवाय, बस.

डोमाजींना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "कितीबी मांगू द्या, मॅडम. देऊ नका."

हे लिहितेय तेव्हा साकेत स्वयंपाकघरात आहे. एकेक डबा उघडून बघतोय...

आत्ताच शेजारच्या बेबीताई डोकावून गेल्या. "मिताली, साकेतले आत्ताच खिडकीतून देल्ली वं काडेपेटी. तुमच्या घरी सापडून नव्हती राह्यली म्हने."

डब्यांचा आवाज थांबलाय.