कडी मोकळी होती

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी रसायनशास्त्र शिकलेय. मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. यातलं जे तपासता आलं, ते मी स्वतः तपासलंय.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. भरदुपारी दोन वाजून दहा मिनिटं. जागा, माझ्या मामाच्या घराची मागची खोली.

त्या खोलीत सात वर्षं एक बाइंडर भाड्यानं राहायचा. जुनी पुस्तकं शिवायची, खळ लावायची, पुस्तकाच्या पाठीवर लाकडी हातोडीनं ठोकायचं. ठक... ठक... ठक. दर वेळी तीनच ठोके. एकटा जीव. बोलणं इतकं हळू, की समोरच्यानं कान पुढे करावा.

चार महिने भाडं थकलं.

"मालक, पुढच्या आठवड्यात नक्की."

"तुमचा पुढचा आठवडा कुठल्या वर्षातला, तेवढं सांगून ठेवा!"

मामाचंही खोटं नव्हतं. घराचे हप्ते त्याच भाड्यावर चालायचे. सरळ बोटानं तूप निघेना, तेव्हा त्यानं बोट वाकडं केलं.

त्या मंगळवारच्या एकोणीस दिवस आधी, सकाळी, मामानं दार वाजवलं. उत्तर नाही. बाइंडर बाहेर गेला असं समजून त्यानं कडीला आपलं कुलूप ठोकलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "पैसे आल्याशिवाय हे दार उघडायचं नाही!"

त्याच संध्याकाळी मामा-मामी लेकीला बाळ झालं म्हणून परगावी गेले.

परत आले त्या मंगळवारी दुपारी मामानं कुलूप काढून कडीत अडकवलं आणि आत गेला.

कोणी नव्हतं.

अंथरुणाची घडी घातलेली. टेबलावर अर्धवट शिवलेलं पुस्तक. शेजारी खळीची वाटी. मामानं सहज तिच्यात बोट घातलं.

खळ... ओली होती.

(मी नंतर तशीच खळ करून उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिची खपली झाली.)

वाटीमागे बाइंडरचं स्वतःचं छोटं कुलूप पडलं होतं. किल्ली त्यातच.

तेव्हा मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. बाइंडर बाहेर जाताना नेहमी हेच कुलूप लावायचा. त्या सकाळी मात्र कडी मोकळी होती.

म्हणजे तो बाहेर गेलाच नव्हता.

झोपला असेल. आजारी असेल. भाडं चुकवायला श्वास रोखून बसला असेल...

मागे दार लागलं.

खट्.

मामानं खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती. कुलूप बाहेर.

खिडकीच्या गजांपलीकडे मामी दोरीवर कपडे टाकत होती. हातभर अंतरावर.

"अगं! ऐकतेस का? दार उघड!"

मामीनं ओली चादर झटकली. थेंब मामाच्या तोंडावर उडाले. तिची मान काही वळली नाही.

मामा घसा बसेपर्यंत ओरडला. दाराला खांद्यानं धडका दिल्या. चादर वाळली... मामीनं ती काढून नेली. अंधार पडला. उजाडलं. मामी पुन्हा आली आणि तीच ओली चादर झटकली.

थेंब उडाले.

पुन्हा अंधार. पुन्हा उजेड. पुन्हा तीच चादर...

मामाची जीभ टाळूला चिकटली होती. आवाज कधीच गेला होता. तेव्हा बाहेरून दार वाजलं.

ठक... ठक... ठक.

आणि इतका हळू आवाज, की मामाला दाराला कान लावावा लागला.

"मालक... पैसे?"

मामानं पाकीट रिकामं केलं. नोटा दाराखालच्या फटीतून सरकवल्या. पलीकडून कोणीतरी त्या ओढून घेतल्या. एकेक करून... सावकाश.

कुलूप उघडलं.

बाहेर फक्त मामी होती. "इतक्यात आलात? पहिलीच चादर टाकतेय मी." मग तिनं तोंडाकडे पाहिलं. हातातला चिमटा गळून पडला. "अहो... सकाळी तर दाढी केली होती ना तुम्ही?"

त्या संध्याकाळी मी दाढीला पट्टी लावून पाहिलं. मिलिमीटरहून थोडी जास्त. तीन दिवसांची वाढ.

पोलिसांत कळवलं. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीचे गज शाबूत. बाइंडर आजवर सापडलेला नाही.

खोली तेव्हापासून बंद आहे. दर पाच तारखेला मामा स्वतःच्याच खोलीचं भाडं फटीतून आत सरकवतो. "भाडेकरूला भाडं देणारे मालक जगात हे एकटेच," असं मामी म्हणते. हसत मात्र नाही.

गेल्या महिन्यात मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. पाच तारीख कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

सहा तारखेला सकाळी मामीचा फोन आला. "अगं, पुढचं दार उघडत नाहीये. बाहेरून कोणी..." फोन कट झाला.

मी धावत गेले. मुख्य दाराच्या कडीला एक छोटं कुलूप होतं. त्याच्यावर वाळलेल्या खळीचे डाग.

खिडकीत मामी दिसत होती. दोन्ही हातांनी गज धरून ओरडत होती. तोंड हलत होतं... आवाज नव्हता.

मी मागच्या खोलीकडे पळाले. पाकिटात होतं नव्हतं ते सगळं फटीत सरकवलं. शेवटच्या नोटेचं टोक अजून माझ्या चिमटीत होतं.

ते आतून कोणीतरी हळूच ओढलं.

पुढच्या दाराकडून आवाज आला... खट्.

परवा पाच तारीख आहे. पैसे मी आजच काढून ठेवलेत.