जुळलेली नोंद

"आधी सांग, मग घास घेईन," असं म्हणून आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि भरलेला चमचा हातात तसाच धरून लेक पलंगाच्या कडेला बसून राहिली... कमरेखालचं शरीर साथ देईनासं झालेल्या बाईजवळ रुसायला उरतं तरी काय, तर एवढं तोंड फिरवणं! आणि आईचं मागणं तरी केवढंसं? नऊ वर्षं दर रविवारी सकाळी न चुकता येणारा लेकीच्या कचेरीतला तो मुलगा, चाळिशी उलटली तरी आईच्या लेखी तो मुलगाच, गेले दहा महिने या घराकडे का फिरकला नाही, शेवटी तो काय बोलला, एवढंच. पण नेमकं तेवढंच सांगायचं ती इतके दिवस टाळत आली होती.

ती आणि तो एकाच कचेरीत कामाला होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या हवामानाच्या वह्या, त्यात रोजचा पाऊस, रोजचं तापमान, कुणाकुणाच्या किरट्या अक्षरातले आकडे. ते वाचून संगणकात उतरवायचे. एकच पान दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांना न विचारता, न दाखवता. दोघांचे आकडे जुळले तर नोंद पक्की. नाही जुळले तर साहेबांनी भिंग घेऊन तिसऱ्यांदा वाचायचं. शहाण्या माणसाला या कामाचं वेड लागण्याचं काही कारण नाही, पण या दोघांना लागलं होतं. किती वाजले असं विचारलं तर तो सेकंदांसकट सांगायचा, म्हणून कचेरीनं त्याचं नाव दशांश पाडलं; आणि आकड्यांपेक्षा कडेच्या शेऱ्याच्या रकान्यात कुणी काय खरडलंय यातच तिचा जीव, म्हणून ती शेराबाई. दुपारी जेवताना ही जोडी गेल्या शतकातल्या एखाद्या वादळावरून हातघाईवर यायची, आणि बाकीची मंडळी कपाळाला हात लावून उठून जायची.

प्रेम बसलं तेही असंच एका पानावर. कडक उन्हाळ्यातल्या एका दिवसापुढे पाऊस शून्य लिहिला होता, आणि नेमका त्या शून्याजवळ थेंब पडून शाई पसरली होती, कागद फुगला होता. तिनं शेरा लिहिला, 'पाऊस नाही, तरी कागद भिजलेला.' संध्याकाळी दोघांची वाचनं शेजारी लावली तर त्याचा शेराही अक्षरन् अक्षर तोच! आकडे तर रोजच जुळायचे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एकटाच बसून रडलेल्या कुणा अनोळखी कारकुनासाठी दोघांच्या अंतःकरणात एकाच दिवशी कालवाकालव व्हावी... ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो उगाच चष्मा पुसत राहिला.

लग्नाचं विचारायची त्याची रीतही कामासारखीच. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहायचं, न विचारता, न दाखवता, आणि सोमवारी उघडायचं. त्याआधी महिनाभरच आई न्हाणीघरात पडली होती, आणि आता त्या उठणार नाहीत असं हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रविवारभर ती कोरी चिठ्ठी पुढ्यात घेऊन बसली. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. या घाण्याला त्यालाही जुंपायचं? आणि तो कधीच नको म्हणणार नाही, हेच तर भय होतं! काळजावर दगड ठेवून तिनं 'नाही' लिहिलं. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात तिला आशा होती, की त्याचं 'हो' असेल, तो भांडेल, हट्टाला पेटेल, आपलं 'नाही' खोडून टाकेल...

सोमवारी चिठ्ठ्या उघडल्या. दोन्हींवर 'नाही'.

"जुळलं," तो म्हणाला. जुळलेली नोंद पुन्हा कुणी तपासत नाही. त्या दोघांनीही तपासली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं टेबल फिरवून खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे डोळे भरून आले तरी त्याला दिसायला नकोत. त्याग केल्याचं समाधानही नियतीनं तिला लाभू दिलं नव्हतं. ज्याच्यासाठी जीव कुरतडून घेतला, त्याला आपण मुळात नकोच होतो! त्याचं रविवारचं येणं थांबलं. मग हळूहळू त्याचे आकडे चुकायला लागले. तीनचे आठ, शून्याचे सहा. ज्यानं नऊ वर्षांत एक टिंब इकडचं तिकडे केलं नव्हतं, त्याची रोज दहा-दहा वाचनं तिच्याशी जुळेनात. याचं मन आता माझ्यासोबतच्या कामातूनही उडालं, असं तिनं मानलं, आणि एके दिवशी रागाच्या भरात साहेबांना जाऊन सांगितलं की त्यांचं कामात लक्ष नाही. आठवड्याभरात त्यानं राजीनामा दिला आणि तो दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेला. निरोप घ्यायलाही तिच्या टेबलापाशी आला नाही. त्याला आता तीन महिने झाले होते.

हे सगळं तिनं चमचा वाटीत ठेवून, भिंतीकडे वळलेल्या त्या पांढऱ्या केसांना सांगितलं. चुकलेल्या आकड्यांपर्यंत ती आली तेव्हा आईचे खांदे हलायला लागले.

"त्याचे डोळे जात होते गं," आई म्हणाली.

मग आईनं सांगितलं ते असं. चिठ्ठ्यांच्या आधीच्या शनिवारी, ती औषधं आणायला गेली असताना तो आला होता. आदल्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला वर्षभराची मुदत दिली होती. अंधार वाढत जाणार, इलाज नाही. तिला सांगू की नको, असं तो या पलंगाशी खुर्ची ओढून, लहान मुलासारखा विचारत होता.

"आणि तू काय म्हणालीस?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"म्हटलं, तिच्या गळ्यात एक धोंड आहेच, तू दुसरी होऊ नकोस. आणि तिला कळू देऊ नकोस म्हणून शपथ घातली." आई पुढे म्हणाली, "तुझ्या भल्यासाठी बोलले, असं दहा महिने स्वतःला सांगतेय. पण ते खोटं आहे. त्याचं करायला लागलीस की माझं कोण करणार, याची भीती वाटली मला. तू मला टाकून जाशील, याची."

ज्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, त्याच्यावर रागावून घराबाहेर पडता येत नाही. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. जिच्यासाठी तिनं आपलं सर्वस्व एका शब्दात पुसून टाकलं, तिनंच त्याच्याकडून तो दुसरा शब्द लिहून घेतला होता... हृदयाच्या चिंधड्या झाल्या होत्या, आणि घड्याळ सांगत होतं की वळवायची वेळ झाली. तिनं आईच्या पाठीखाली हात घातला आणि तिला आपल्याकडे वळवलं. आईनं तो हात धरला, कपाळाला लावला, आणि सोडेचना.

"जा त्याच्याकडे," आई म्हणाली. "शेजारणीला बोलावते मी. माझं व्हायचं ते होवो."

माफ केलं, असं काही ती बोलली नाही. गार झालेलं जेवण तिनं पुन्हा गरम करून आणलं, आणि आईनं ते रडत रडत संपवलं.

त्याच्या ताईनं दार उघडलं, तिला एकवार नीट पाहिलं, 'शेराबाई ना?' एवढंच विचारलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवून ती स्वयंपाकघरात निघून गेली. तो खुर्चीत ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर, कुणाची तरी वाट पाहायची सवय लागल्यासारखा. "ताई?" त्यानं विचारलं. ती "मी" म्हणाली, आणि त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवरून निसटले.

तिनं सगळं सांगितलं. आपलं 'नाही', आईची शपथ, साहेबांकडची चहाडीसुद्धा. तो कान देऊन ऐकत होता. मी तुला न्यायला आलेय, असं ती शेवटी म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "एकीला वळवायचं आणि एकाला हात धरून फिरवायचं. तू मरून जाशील. काकू भीतीनं बोलल्या, पण बोलल्या ते चूक नव्हतं." आणि मग, "रविवारी येत जा. जमेल तेव्हा."

ती विनवत राहिली, रडली, त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली. त्याचं उत्तर बदललं नाही. नऊ वर्षांत तिला कळलं होतं, की हा माणूस एकदा मांडलेला आकडा बदलत नाही.

"डोळे एवढे बिघडले तरी मी सात महिने कचेरीत का येत होतो, माहीत आहे?" तिचं रडणं ओसरल्यावर तो म्हणाला. "म्हटलं, दिसतंय तोवर तुला बघून घ्यावं. पण तू पाठ करून बसलीस."

तेवढे सात महिने त्याच्या डोळ्यांत उजेड होता, दहा पावलांवर ती होती, आणि तिनं त्याला रोज आपली पाठ दिली होती!

"चेहरा असा शेवटचा पाहिला तो चिठ्ठ्या उघडल्या तेव्हाचा," तो सांगत होता. "तू हसलीस. बरं झालं, म्हणालीस. तेवढाच आहे माझ्याकडे, तोच रोज बघतो. पण आता तू म्हणतेस, आतून रडत होतीस..." तो अडखळला. "मग ते हसू खोटं होतं का गं?"

ते हसू ओठांवर ताणून धरताना आपले दात कसे आवळले होते, आणि संध्याकाळपर्यंत जबडा कसा ठणकत होता, ते तिला आठवलं. सगळ्या नोकरीत तिनं जाणूनबुजून एकही चुकीची नोंद केली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "ते खरं होतं. तू समोर बसला होतास ना."

त्यानं मान डोलावली, आणि त्याचा चेहरा किंचित उजळला. तो तिच्याकडे बघून हसला, पण नजर जराशी बाजूला पडली होती. ती आवाज न करता सरकली आणि तो बघत होता तिथे जाऊन बसली.