काच कोणत्या कंपनीची?

"जुळतंय! एकदम परफेक्ट!" आलोक गाडीच्या डाव्या बाजूने ओरडला.

"कुठं जुळतंय? डोळे आहेत की शर्टाची बटणं?" युसरा उजव्या बाजूने ओरडली.

गंमत अशी, की दोघंही खरं बोलत होते!

अक्षरा आधी डावीकडे गेली. पुढच्या दाराची काच काळी, मागच्या दाराची काच काळी. एका मापाची, एका रंगाची. मग ती उजवीकडे आली. पुढची काच कोळशासारखी काळी आणि मागची हिरवट-तपकिरी! दोन वेगळ्या गाड्यांची दारं एकमेकांना चिकटवावीत तशी.

"पुढच्या दोन्ही काचांना एकाच रोलमधली फिल्म लावलीय ना?" तिने विचारलं.

"एकाच! मी स्वतः पाहिलंय," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा कुवेतच्या हवल्लीतल्या जूनच्या उन्हापेक्षा तापला होता.

ही पांढरी गाडी बाबांनी, म्हणजे बँकेत काम करणाऱ्या अभिजीतरावांनी, दोन महिन्यांपूर्वी सेकंड-हँड घेतली होती. मागच्या काचा कारखान्यातूनच गडद आलेल्या, पुढच्या दोन मात्र साध्या. आई, म्हणजे रसिका, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. इथं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे रोज गाडी चालवून तिचा खिडकीकडचा डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा झाला होता! म्हणून पुढच्या काचांना कायद्यात बसेल तेवढी, मागच्या काचांशी जुळणारी फिल्म लावायचं ठरलं. आजच खैतान भागातल्या एका दुकानात मुनव्वर नावाच्या कारागिराने ते काम केलं होतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळं झकास दिसलं. घराखालच्या मैदानात, टळटळीत उन्हात, हे असं!

बाबांनी दुकानाचा मॅनेजर काशिफ याला फोन लावला. त्याने तिकडे फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण मागे हवेच्या पाइपचा फुस्स-फुस्स आवाज येत होता. तिकडच्या सगळ्या कामगारांसमोर बाबा मुनव्वरला भरपूर बोलले. "अनाडी", "अंधा", "निकम्मा". अक्षराला कुठं बघावं कळेना.

"साहब, गाड़ी कल दस बजे ले आइए," काशिफ म्हणाला. "यह मुनव्वर की दूसरी कम्प्लेंट है. ग़लती इसकी निकली, तो कल ही इसका कैन्सल लगा दूँगा."

फोन बंद झाला. कुवेतमध्ये वाढलेल्या पोरांना 'कॅन्सल' म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. काम गेलं, की इथं राहायची परवानगी गेली, आणि माणूस थेट विमानात.

"बाबा, ते मुनव्वरचाचांना घालवणार?" अक्षराने विचारलं.

"चूक केली तर भोगावी लागते," बाबा म्हणाले आणि जिना चढून गेले.

मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. ज्याच्यावर ओरडलं तरी तो उलटून बोलणार नाही, चूक नेमकी त्याचीच निघते!

*

"मला पटत नाही," अक्षरा म्हणाली. तिघं जिन्यात बसली होती. युसरा वरच्या मजल्यावरची. तिचं गाव श्रीवर्धन. "मी दुकानात होते ना बाबांबरोबर. मुनव्वरचाचांनी काय काय केलं माहितीय? आधी काचेवर एक छोटं यंत्र लावून उजेड किती आत येतो ते मोजलं. मग चार वेगवेगळ्या फिल्मचे तुकडे कापले. गाडी अर्धी शटरच्या बाहेर काढली. मागच्या काचेशेजारी एकेक तुकडा धरून उन्हात बघितला. एवढं करणारा माणूस आंधळा?"

"मागच्या कुठल्या काचेशेजारी गो?" युसराने विचारलं.

अक्षराने डोळे मिटले. शटर... भिंत... निळी बादली... "डाव्या! उजवी बाजू भिंतीला चिकटली होती. तिकडे उभं राहायलासुद्धा जागा नव्हती! त्या बाजूची फिल्म त्यांनी गाडीत आतून बसूनच लावली."

"म्हणून डावीकडे जुळलं," आलोक म्हणाला. अक्षराचा हा धाकटा भाऊ दहा वर्षांचा, आणि स्वतःला डिटेक्टिव्ह समजायचा. "सो, उजवी मागची काच खोटी आहे!"

"किंवा डावी," युसरा म्हणाली.

"एकाच गाडीच्या दोन काचा वेगळ्या कशा असतील?"

"तेच तर शोधायचंय, बावळटा!"

*

सकाळी साडेसातला अक्षराने किल्ली मागितली. "आलोकची टोपी गाडीत राहिलीय." टोपी खरंच राहिली होती. कारण ती रात्री जेवायच्या आधी आलोकनेच नेऊन ठेवली होती!

दाराचं हँडल इतक्या सकाळी पण चटका देत होतं. आलोकने शर्टाच्या टोकाने ते धरलं.

"आता काय बघायचं?" तो कुजबुजला.

"कुजबुजतोस कशाला? गाडी आपलीच आहे!" युसरा म्हणाली. "काचा चार बोटं खाली घे. मला कडा बघायच्यात."

अक्षराने बटणं दाबली. झुंईऽ! युसरा उजव्या मागच्या दाराशी टाचा उंचावून उभी राहिली.

"हिची कड बघ. आरपार गडद. सरबतात रंग कालवावा, तसा काचेतच रंग आहे."

मग तिघं डाव्या मागच्या दाराकडे धावली. अक्षराने नाक जवळजवळ काचेला लावलं, आणि तिच्या तोंडून "अगंबाई!" निघालं.

कड स्वच्छ होती! पाण्यासारखी! आणि वरच्या टोकाला केसाएवढी पांढरी रेघ, जिथं काळा रंग पोचलाच नव्हता. तिने आतल्या बाजूने नख फिरवलं. नख एका बारीक धारेला अडलं.

"ही काच काळी नाहीच! साधी आहे. हिलासुद्धा वरून फिल्म लावलीय, आपल्या पुढच्या काचेसारखीच!"

"कोपऱ्यातला शिक्का बघा!" आलोक ओरडला. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा छोटा शिक्का असतो. तो गाडीभोवती पळत सुटला. "इथं त्रिकोण. इथं पण त्रिकोण. इथं पण! आणि इथं..." तो डाव्या मागच्या दाराशी थबकला. "इथं गोल! ताई, धिस वन इज फेक!"

"फेक नाही. बदललेली. आणि बदलली का?"

"फुटली असेल."

"देवदत्तकाका तर म्हणाले होते, गाडीला ओरखडासुद्धा नाही."

देवदत्तकाका म्हणजे ज्यांच्याकडून गाडी घेतली ते. राहायला रुमैथियाला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची कायम त्यांची.

"फुटली असेल तर चुरा राहिला असेल," युसरा म्हणाली. "अब्बांच्या गाडीची फुटलेली तेव्हा सहा महिने मिळत होता!"

आलोकचे हात बारीक. त्याने मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली. आधी एक बिस्किट निघालं, मग पेनाचं टोपण, मग तो "आऊच!" म्हणून हात झटकत बाहेर आला. त्याच्या तळव्यावर भिजवलेल्या साबुदाण्याएवढे चार-पाच दाणे होते.

अक्षराने ते टोपीच्या पांढऱ्या अस्तरावर ठेवून उन्हात धरले. हिरवट-तपकिरी! उजव्या काचेचाच रंग!

"म्हणजे खरी काच फुटली. तिच्या जागी साधी बसवली, वर काळी फिल्म मारली. आणि बिचाऱ्या मुनव्वरचाचांनी त्या नकलेशी नक्कल जुळवली!"

घड्याळात सव्वाआठ वाजले होते. दहाला दुकानात पोचायचं होतं.

*

बाबांनी दाणे बघितले, शिक्क्याचा फोटो बघितला, आणि मान हलवली. "देवदत्त खोटं बोलेल? आपल्यातला माणूस आहे तो! मला स्वतः म्हणाला, 'अभिजीत, काचासुद्धा सगळ्या कंपनीच्या आहेत.'"

"आणि मुनव्वरचाचा खोटे?"

"अगं, तो एक कारागीर..."

"मग?" अक्षरा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "तो परका म्हणून त्याला शिव्या, आणि हे आपल्यातले म्हणून यांना विचारायचंसुद्धा नाही?"

आईने चहाचा कप खाली ठेवला. "लाव फोन, अक्षू. मी सांगते."

अक्षराने देवदत्तकाकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आत्ता थेट विचारलं तर काका साफ नाकबूल करतील, हे तिला पक्कं माहीत होतं. काकांना काय आवडतं? कौतुक!

"काका, नमस्कार! मी अक्षरा. गाडी खूप छान आहे हं! त्यातही मागच्या डाव्या दाराची काच! उजवीपेक्षा भारी दिसते. उजवीपण तशीच करून घ्यायचीय. तुम्ही कुणाकडून केली होती?"

आलोकने तोंडावर उशी दाबून धरली.

"अगं, ती होय!" काकांचा आवाज फुलला. "आमच्या कंपनीच्या गॅरेजमध्ये एक माणूस आहे, काय हात आहे त्याचा! खांबाला लागून जुनी काच फुटली. पठ्ठ्याने एका दिवसात नवी बसवली, वर फिल्म मारली, दार ठोकून सरळ केलं. कुणाला पत्ता लागला नाही! तुझ्या बाबांनासुद्धा!"

आणि ते स्वतःच हसले.

"देवदत्त," बाबा म्हणाले, "मी ऐकतोय."

तिकडचं हसू बंद झालं.

"तू मला म्हणालास, काचा कंपनीच्या आहेत!"

"आहेतच की!" काका म्हणाले. "आमच्या कंपनीच्या! गाडीच्या कंपनीच्या आहेत असं मी कधी म्हटलं?"

एवढा निर्लज्ज व्याकरणाचा धडा अक्षराने शाळेतसुद्धा ऐकला नव्हता! बाबांनी फोन ठेवला. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"काशिफला फोन करून सांगतो," ते म्हणाले.

"फोन?" आई म्हणाली. "काल अख्ख्या दुकानाला ऐकवलंत. आज त्याच दुकानात उभं राहून सांगा."

*

खैतानला पोचेपर्यंत दहाला पाच कमी होती. मुनव्वरचाचा शटरपाशी उभे होते. आज अंगात कामाचा निळा डगला नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता. ते कॅन्सलच्या तयारीनेच आले होते, हे अक्षराला त्या शर्टावरून कळलं.

काशिफ बाहेर आला. "दिखाइए साहब, कौन-सी साइड..."

"साइड छोड़िए," बाबा म्हणाले. त्यांचं हिंदी अडखळत होतं, पण ते थांबले नाहीत. आत काम करणारे तिघंही बाहेर आले होते. "ग़लती इनकी नहीं है. गाड़ी की एक काँच बदली हुई थी. मुझे मालूम नहीं था, मैंने देखा भी नहीं, और मैंने इनको गाली दी. मुनव्वरभाई, माफ़ कीजिए."

अक्षराने कडा दाखवल्या, आलोकने शिक्के, युसराने दाणे. मुनव्वरचाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ती पांढरी रेघ बघितली. बराच वेळ.

"एक ग़लती मेरी भी है," ते शेवटी म्हणाले. "राइट साइड मुझे धूप में देखनी चाहिए थी. दीवार थी, तो आलस कर गया." पुढे ते पोरांकडे वळून त्यांच्या हिंदीत म्हणाले, की तेवीस वर्षं काचा करतोय, पण काल रात्रभर विचार करूनही हे सुचलं नाही. "शाबाश, बच्चों!"

"तो कैन्सल?" अक्षराने थेट काशिफला विचारलं.

काशिफने डोकं खाजवलं. "अरे बेटा, ऐसे कारीगर को कौन निकालता है?"

"कल तो आप ही निकाल रहे थे!" युसरा म्हणाली.

सगळे हसले, काशिफ जरा कमीच हसला.

मुनव्वरचाचांनी निळा डगला चढवला. आता दोन्ही पुढच्या काचांची आणि मागच्या डाव्या काचेची फिल्म काढायची, आणि तिन्ही काचा उजव्या मागच्या खऱ्या काचेशी जुळवायच्या. त्यांनी चार नवे तुकडे कापून अक्षराच्या हातात दिले. "जाओ, धूप में देखो. कौन-सा?"

ती उजव्या दाराशी गेली. पहिला जास्त निळा. दुसरा जवळचा, पण रंग मेलेला. तिसरा तिने लावला आणि मागे सरकली, आणखी मागे सरकली. काच कुठं संपते आणि तुकडा कुठं सुरू होतो ते कळेना.

"हा!"

"पास!" मुनव्वरचाचा म्हणाले.

"साहब, ये तीनों मुझे दे दीजिए," काशिफ बाबांना म्हणाला. "छुट्टियों में मेरी दुकान चमका देंगे!"

मुनव्वरचाचांनी फिल्मचा कागद सोलला आणि पाण्याच्या फवाऱ्याची बाटली शोधत इकडेतिकडे बघितलं. ती बाबांच्या शेजारी होती.

"इन्हें सिखाने को कुछ बाक़ी नहीं," ते म्हणाले. "साहब, आप आइए. ज़रा पानी मारिए. ऊपर से नीचे... नहीं, नहीं, आहिस्ता. पहले देखिए, फिर मारिए!"

बाबांनी बाह्या वर केल्या, आणि अगदी काळजीपूर्वक बघून पाणी मारलं.