गांधारातलं मेण

चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत, एकट्यादुकट्या नोकरदारांच्या मॅन्शनखाली, तुकोजीचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. क्लॅरिनेटचा एखादा स्वर बसला की तो आधी चावीखाली सिगारेटचा पातळ कागद धरून ओढून बघे. कागद सहज सुटला तर चावीखालचं पॅड गळतंय. घट्ट अडला तर भोकातच काहीतरी आहे. बाकी नशीब, दृष्ट, गुरूचा कोप ही सगळी वाजवणाऱ्यांची थेरं, असं त्याचं मत होतं आणि तो ते तोंडावर ऐकवी.

मंगळवारी कीर्तना आली, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. धाकट्या भावाची, गिरीधरची मुलगी; थोरल्या काकाला ती पेरिअप्पा म्हणे. गिरीधरला जाऊन चार महिने झाले होते. तुकोजी तेव्हाही तिकडे फिरकला नव्हता. तिने पेटी उघडली. हेच क्लॅरिनेट वडिलांनी थोरल्या तुकोजीला डावलून धाकट्याच्या हातात दिलं होतं.

“पेरिअप्पा, एक गांधारच बसला आहे. बाकी सगळे सरि आहे. गुरुवारी मैलापूरच्या संगीत सभेत माझे पहिले वाजवणे आहे.”

“येवढी दुकाने असताना माझ्याकडे कशाला?”

“अप्पा आस्पत्रीत म्हटले, हे पेरिअप्पाच नीट करतील. दुसऱ्याकडे नेऊ नको.”

ती गेल्यावर त्याने चावी उतरवली. भोकाच्या आतल्या काठाला मेण होतं. मेणावर अंगठ्याचा ठसा, आणि ठशातून तिरपी गेलेली जखमेची रेघ.

ती रेघ त्याचीच. लहानपणी रीड तासताना डाव्या अंगठ्यावर सुरी फिरली होती. अडतीस वर्षांपूर्वी, गिरीधरच्या पहिल्या मैफलीच्या सकाळी, याच अंगठ्याने त्याने याच भोकात मेण दाबलं होतं. गांधार उतरला, घुसमटला. लोक उठून गेले. आपल्या फुंकेतच खोट आहे असं गिरीधरने धरलं आणि पुन्हा मंचावर पाय ठेवला नाही. एग्मोरच्या एका लॉजच्या काउंटरवर त्याचा जन्म गेला. तुकोजी मूग गिळून बसला.

पण ते मेण तर त्याने त्याच संध्याकाळी खरवडून काढलं होतं. आणि तो अंगठाही आता कुठे होता? बारा वर्षांपूर्वी लेथमध्ये पेरापासून पुढचा तुटला होता.

जुनं काही राहिलं असेल, असं म्हणत त्याने भोक स्पिरिटने पुसलं. गांधार मोकळा झाला.

बुधवारी कीर्तना परत आली. “घरी जाऊन वाजवले, तर पुन्हा बसला.”

पुन्हा तेच मेण. तीच रेघ. त्याने मान खाली घालून ते काढलं.

गुरुवारी दुपारी ती रेशमी साडीत आली. रिक्षा बाहेर थांबवून ठेवलेली. या वेळी त्याने तिच्या डोळ्यांदेखत भोक साफ केलं. तिने तीनदा वाजवून पाहिलं. तिन्ही वेळा स्वर स्वच्छ आला. तिने क्लॅरिनेट दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवलं आणि कॉफीचे दोन घोट घेतले. कोणी त्याला हात लावला नाही.

तिने उचलून फुंकलं. गांधार बसला.

या वेळी चावी तिनेच उचलली. नखाने मेणाचा पापुद्रा सोडवला. तो मऊ होता, अजून कोमट. तिने तो ट्यूबलाइटखाली धरला.

“हा अंगठा कोणाचा, पेरिअप्पा?”

एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही. पण मेल्यावरसुद्धा हा आपल्याला खाली बघायला लावतोय, हेच त्याला जास्त झोंबलं.

“जुने लाकूड आहे,” तो म्हणाला. “तुझ्या अप्पाची फुंकच खोटी होती. त्यानेच बिघडले.”

कीर्तनाने क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. मग पेटी बंद केली.

“सरि,” ती म्हणाली, आणि तसंच बसक्या गांधाराचं वाद्य घेऊन रिक्षात जाऊन बसली.

तुकोजी जागचा हलला नाही. टेबलाखाली, तुटका अंगठा आत घेऊन, त्याने डावी मूठ आवळून धरली होती.

तळहाताला अंगठ्याचं नख टोचत होतं.